निर्गुडी : पालि वाङ्मयातील निग्गुण्डी आणि लोकांचे औषधज्ञान

वर्षावासाच्या काळात एका विहारात विनयपिटकातील भेसज्जक्खन्धकावर माझी प्रवचने चालू होती. तिसऱ्या दिवशी प्रवचन संपल्यावर एक वृद्ध उपासिका मागे थांबल्या. जयभीम करून त्यांनी विचारले, "सर, माझे गुडघे दुखतात. मी निर्गुडीचा पाला उकळून शेक घेते. माझ्या आईकडून शिकले. नातू शिकलेला आहे. तो म्हणतो, आजी, ही अंधश्रद्धा आहे, आपण बौद्ध झालो, आता हे सोडून दे. तुमच्या पालि पुस्तकात याबद्दल काय लिहिले आहे?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर एका वाक्यात देता येण्यासारखे नव्हते. नातवाची शंका अगदीच चुकीची म्हणता येत नाही. अंगारेधुपारे, ताईत, गंडेदोरे आणि नवससायास यांतून बाहेर पडण्यासाठी आपल्या मागील पिढ्यांना मोठी किंमत द्यावी लागली आहे. पण अंधश्रद्धा टाकताना तिच्या शेजारी असलेले ज्ञानही आपण टाकून देत आहोत काय, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात निर्गुडी या एका सुगंधी औषधी झुडपाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

झुडपाची ओळख

निर्गुडी हे महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारे झुडूप आहे. काही भागांत त्यास निरगुडी किंवा निगडी असेही म्हणतात. ओढ्याच्या काठी, नदीच्या पात्रालगत, पडीक जमिनीत आणि शेताच्या बांधावर ते आपोआप वाढते. त्याची उंची सामान्यतः दोन ते पाच मीटर असते. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात. एका देठावर तीन किंवा पाच लांबट, टोकदार पर्णिका हाताच्या पंजाप्रमाणे पसरलेल्या असतात. पानाची वरची बाजू हिरवी आणि खालची बाजू बारीक लवीमुळे पांढुरकी दिसते. पान चुरगळले असता तीव्र, उग्र असा सुगंध येतो. फांदीच्या टोकाला लहान, निळसर जांभळ्या फुलांचे तुरे येतात आणि त्यांतून मिऱ्याएवढी काळी फळे धरतात. गुरे हे झुडूप सहसा खात नाहीत, म्हणून शेतकरी ते कुंपणाला लावतात.

वनस्पतिशास्त्रात या झुडपाचे नाव व्हायटेक्स निगुंडो असे आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५३ साली ते नाव प्रसिद्ध केले. त्यातील निगुंडो हा शब्द निर्गुण्डी या भारतीय नावाचाच प्रतिध्वनी आहे. हिंदीत त्यास सम्हालू, बंगालीत निशिंदा, कन्नडमध्ये लक्की, तेलुगूत वाविली, तमिळमध्ये नोच्ची आणि सिंहलीत निक म्हणतात. भारतापासून श्रीलंकेपर्यंत प्रत्येक भाषेत या झुडपाला स्वतःचे घरगुती नाव आहे. ज्या वनस्पतीशी लोकांचा रोजचा संबंध असतो, तिलाच अशी नावे मिळतात.

पालि वाङ्मयातील दोन नावे

पालि वाङ्मयात या झुडपाचा उल्लेख दोन नावांनी येतो. एक निग्गुण्डी आणि दुसरे सिन्दुवार. ऱ्हिस डेव्हिड्स आणि स्टीड यांच्या पालि कोशाने या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच दिला आहे. परंतु मूळ स्थळे पाहिली असता एक सूक्ष्म भेद ध्यानात येतो.

निग्गुण्डी हा शब्द आचार्य बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गात येतो. इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपुर येथील महाविहारात हा ग्रंथ रचला गेला. आपल्याकडे आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी संपादित केलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस भारतीय विद्या भवनाने प्रकाशित केली. कायगतासतीच्या विवेचनात शरीराच्या बत्तीस भागांचे वर्णन करताना बुद्धघोष प्रत्येक भागाचा रंग, आकार आणि स्थान सांगतात. त्यांत प्लीहेचा रंग कोणता, तर निग्गुण्डीच्या फुलासारखा निळा, असे ते सांगतात. उपमा नेहमी परिचित वस्तूची दिली जाते. ज्या भिक्षूने प्लीहा कधी पाहिली नाही, त्याला ती समजावी म्हणून त्याने रोज पाहिलेल्या फुलाचा रंग सांगितला आहे. यावरून त्या काळी हे झुडूप विहाराच्या परिसरात सर्वांच्या डोळ्यांसमोर असले पाहिजे, असे अनुमान करता येते.

सिन्दुवार हा शब्द जातकांतील वनवर्णनांत येतो. वेस्सन्तर जातकात वनातील फुलणाऱ्या झाडांच्या गणनेत त्याचे नाव आहे. धम्मसङ्गणीवरील अट्ठसालिनी या अट्ठकथेत भगवंतांच्या देहातून निघालेल्या पांढऱ्या किरणांचे वर्णन करताना कुंद, कुमुद, सुमन आणि मल्लिका या शुभ्र फुलांबरोबर सिन्दुवाराचे नाव घेतले आहे. म्हणजे निग्गुण्डी निळी आणि सिन्दुवार पांढरा. कालिदासाच्या कुमारसंभवातही सिन्दुवाराच्या फुलांना मोत्यांच्या जागी योजिले आहे, तेही शुभ्रतेमुळेच. पुढे सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथाने पांढऱ्या फुलाचा तो सिन्दुवार आणि निळ्या फुलाची ती निर्गुण्डी, असा भेद स्पष्ट शब्दांत केला. या झुडपाच्या फुलांची छटा फिकटापासून गडद निळसरापर्यंत बदलते, हे ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे. कोशाने एकत्र केलेले दोन शब्द अट्ठकथाकारांनी मात्र रंग पाहूनच वापरले आहेत.

नावांच्या बाबतीत एक सावधगिरीही येथेच सांगितली पाहिजे. अमरकोशात निर्गुण्डी हे नाव सिन्दुवाराच्या पर्यायांत येते आणि शेफालिकेच्या पर्यायांतही येते. शेफालिका म्हटले की आज मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पारिजातक उभा राहतो. म्हणून केवळ ग्रंथातील नावावरून झाड ओळखू नये. पान पाहावे, चुरगळून वास घ्यावा आणि जाणत्याकडून खात्री करून घ्यावी.

भेसज्जक्खन्धक आणि पाल्याचा शेक

आता मूळ प्रश्नाकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गातील सहावा खन्धक हा औषधांसंबंधी आहे. त्यात भिक्षूंना अनुज्ञा दिलेल्या औषधांच्या याद्या येतात. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा आणि नागरमोथा आहेत. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा आणि आवळा आहेत. पानांमध्ये कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस आणि कापूस यांची पाने आहेत. येथे तुळस कडुनिंब आणि कापूस यांच्या शेजारी एक औषधी पान म्हणून येते. तिच्याभोवती पूजेचे वलय नाही. तिचा उपयोग होतो म्हणून तिचे नाव आहे, एवढेच.

निर्गुडीचे नाव या याद्यांत नाही, हे प्रथम प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु प्रत्येक यादीच्या शेवटी एक महत्त्वाची तरतूद आहे. नावे सांगून झाल्यावर, जी दुसरी पाने औषध म्हणून उपयोगी आहेत आणि अन्न म्हणून खाल्ली जात नाहीत, ती सर्व घेण्यास अनुज्ञा दिली आहे. ती आयुष्यभर जवळ ठेवता येतात, परंतु कारण असेल तरच वापरता येतात. कारण नसताना वापरल्यास दुक्कटाचा दोष लागतो. म्हणजे विनयाने यादी बंद केली नाही. उपयोग आणि कारण या दोन कसोट्या दिल्या आणि दार उघडे ठेवले. निर्गुडीचे पान या दारातून सहज आत येते.

याच खन्धकात आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या आजाराचा प्रसंग आहे. त्यांच्या अंगात वाताची पीडा होती. भगवंतांनी प्रथम सेदकम्माची, म्हणजे घाम आणून शेक देण्याची अनुज्ञा दिली. त्याने बरे वाटले नाही. तेव्हा सम्भारसेदाची अनुज्ञा दिली. अट्ठकथेनुसार हा नाना प्रकारच्या पाल्याचा शेक होय. त्यानेही बरे वाटले नाही. मग महासेद आला. त्यात पुरुषभर लांबीचा खड्डा करून तो निखाऱ्यांनी भरतात, वर माती किंवा वाळू घालतात, तीवर वात दूर करणारी नाना प्रकारची पाने पसरतात आणि अंगाला तेल लावून रोगी त्यावर कुशी बदलत पडून राहतो. त्यानेही भागले नाही तेव्हा भङ्गोदक आले. भङ्गोदक म्हणजे पाला घालून उकळलेले पाणी. त्या पाण्याने आणि त्या पाल्याने अंग पुनःपुन्हा शिंपून शेकावयाचे. शेवटी उदककोट्ठक, म्हणजे गरम पाण्याच्या पात्रात बसून घेतलेला शेक.

समन्तपासादिकेने केलेले भङ्गोदकाचे हे वर्णन वाचताना आपल्या घरातील न्हाणी डोळ्यांसमोर उभी राहते. मोठ्या पातेल्यात पाला उकळणे, वाफ घेणे, त्याच पाण्याने दुखरा भाग शेकणे, हे सर्व आपल्या आया आणि आज्या करीत आल्या आहेत. अट्ठकथेने वातहर पानांची नावे दिलेली नाहीत. परंतु महाराष्ट्रात वातासाठी पाला उकळावयाचा म्हटले की पहिले नाव निर्गुडीचेच घेतले जाते.

या प्रसंगातील खरी शिकवण मात्र पाल्यात नाही. ती क्रमात आहे. एक उपाय केला, गुण आला नाही, तसे सांगितले, दुसरा उपाय केला. एकदा अनुज्ञा दिलेला उपाय निष्फळ ठरला तर रोग्याला दोष दिला गेला नाही. तुझी श्रद्धा कमी पडली, असे कोणी म्हणाले नाही. उपाय बदलला गेला. ज्ञान आणि अंधश्रद्धा यांतील भेद येथे दिसतो. ज्ञान आपले अपयश मान्य करते आणि पुढे जाते. अंधश्रद्धेला अपयश कधीच मान्य नसते.

वेदनेचे कारण

संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाचा संवाद आहे. माणसाला जे काही सुखदुःख भोगावे लागते ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण सांगतात, त्यावर आपले मत काय, असे तो विचारतो. भगवंत उत्तर देतात की काही वेदना पित्तामुळे, काही कफामुळे, काही वातामुळे, काही या तिहींच्या मिश्रणाने, काही ऋतूच्या बदलाने, काही अव्यवस्थित वागणुकीने, काही आघाताने आणि काही कर्मविपाकाने उत्पन्न होतात. जे सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते लोकांनी प्रत्यक्ष जाणलेल्या गोष्टीच्या पलीकडे जातात.

या संवादाचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. दारिद्र्य, रोग आणि अपमान हे सर्व पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे ज्यांना पिढ्यानपिढ्या ऐकविले गेले, त्यांना भगवंतांचे हे उत्तर मोठा आधार वाटते. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात पूर्वकर्माच्या कल्पनेची जी चिकित्सा केली, तिच्या संदर्भात हे सुत्त अवश्य वाचावे. गुडघा दुखतो याला कारण आहे. कारण शरीरात आहे, म्हणून उपायही शरीरावर करावयाचा. निर्गुडीचा पाला उकळणारी उपासिका नकळत याच मार्गाने चालली होती.

लोकांचा वापर

महाराष्ट्रात निर्गुडीचे उपयोग पुष्कळ आहेत. मुरगळलेल्या पायावर किंवा सुजलेल्या सांध्यावर पाने तव्यावर गरम करून, तेल लावून बांधतात. पाला उकळून त्याचा शेक घेतात. बाळंतिणीच्या न्हाणीच्या पाण्यात हा पाला टाकण्याची चाल गावोगाव आहे. सर्दी आणि डोकेदुखीसाठी पानांची वाफ घेतात, वाळलेली पाने उशीत भरतात. पाला जाळून त्याच्या धुराने डास पळवितात. साठविलेल्या धान्यात कीड होऊ नये म्हणून वाळलेली पाने घालतात. निर्गुडीच्या लवचिक फोकांच्या कणगी विणतात आणि त्यांत धान्य साठवितात. एकच झुडूप दुखणे, डास, कीड आणि साठवण अशा चार ठिकाणी उपयोगी पडते.

संस्कृत वैद्यकग्रंथांतही या झुडपाला स्थान आहे. चरकसंहितेत कृमिघ्न द्रव्यांच्या गणात निर्गुण्डी आणि विषघ्न द्रव्यांच्या गणात सिन्दुवार येतो. सुश्रुतसंहितेच्या सुरसादि गणातही निर्गुण्डी आहे. परंतु त्यावरून हे ज्ञान ग्रंथांतून लोकांकडे आले, असे समजण्याचे कारण नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या, मेंढ्या आणि गुरे राखणारे व वनात राहणारे लोक जाणतात. त्यापुढे ग्रंथकार असेही म्हणतो की केवळ नाव आणि रूप माहीत असून भागत नाही, कोणत्या रोग्यास काय, केव्हा आणि किती द्यावे हे कळले पाहिजे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ओळख लोकांची होती. ज्यांना पुढे विद्येपासून दूर ठेवले गेले, त्या गुराखी आणि वनवासी माणसांच्या डोळ्यांनीच ही झाडे प्रथम ओळखली होती, हे ग्रंथाने स्वतः लिहून ठेवले आहे.

आधुनिक परीक्षणात निर्गुडीच्या पानांत सुगंधी उडनशील तेल आणि इतर अनेक द्रव्ये आढळली आहेत. पानांच्या अर्काने प्रयोगशाळेतील प्राण्यांची सूज आणि वेदना कमी झाल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. डासांना दूर ठेवण्याचा गुणही तपासला गेला आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र अद्याप थोड्या आहेत. म्हणून परंपरेने सांगितलेला प्रत्येक गुण सिद्ध झाला, असे म्हणणे योग्य होणार नाही.

मर्यादा

येथे काही गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. सिन्दुवार विषघ्न गणात आहे म्हणून सर्पदंशावर निर्गुडीचा रस देत बसणे हे जीवघेणे ठरेल. सर्पदंशावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे आणि रोग्यास विनाविलंब रुग्णालयात नेले पाहिजे. गरोदर स्त्रीने निर्गुडी पोटात घेऊ नये. इतरांनीही काढा किंवा रस जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी कढत पाण्याचा शेक घेताना दुसऱ्याकडून पाण्याची उष्णता पाहून घ्यावी, कारण त्यांना भाजल्याचे कळत नाही. सांधा लाल झाला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा काही दिवसांत उतार पडत नसेल, तर पाला बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावे. पिलिन्दवच्छांच्या प्रसंगाचा अर्थ तोच आहे. एका शेकाने बरे वाटले नाही, तर तोच शेक महिनाभर चालू ठेवण्यास विनय सांगत नाही.

भिक्षूंच्या संदर्भात आणखी एक मर्यादा आहे. दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात मंत्रतंत्र आणि भविष्यकथन यांच्या बरोबरीने औषधे देऊन उपजीविका करणे हेही मिथ्या आजीविकेत गणले आहे. औषध निषिद्ध नाही, औषधाचा धंदा भिक्षूला निषिद्ध आहे. जो पाल्यावर मंत्र पुटपुटतो आणि पैसे मागतो, तो ब्रह्मजाल सुत्ताच्या दोन्ही बाजूंनी दोषी ठरतो.

सेवा करणारा कसा असावा, हे महावग्गाच्या आठव्या खन्धकात सांगितले आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या आणि कोणी विचारपूस न केलेल्या भिक्षूला भगवंतांनी आनंदांसह स्वतः न्हाऊ घातले, त्यानंतरचा हा उपदेश आहे. औषध तयार करता येणे, पथ्य आणि अपथ्य जाणणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न मानणे आणि वेळोवेळी धम्मकथेने धीर देणे, असे सेवकाचे पाच गुण तेथे सांगितले आहेत. यांतील पहिला गुण औषध तयार करण्याचा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उपासिकेला दिलेले उत्तर

दुसऱ्या दिवशी त्या उपासिका पुन्हा आल्या. या वेळी नातवालाही घेऊन आल्या. मी त्यांना म्हणालो, "आजी, तुमचा शेक अंधश्रद्धा नाही. पिटकात असाच पाल्याच्या पाण्याचा शेक सांगितला आहे. पण तो पिटकात आहे म्हणून तुम्ही घेऊ नका. त्याने बरे वाटते का, ते पाहून घ्या. आणि गुडघ्याचे छायाचित्र एकदा डॉक्टरांकडून काढून घ्या." नातवाला मी विचारले, "तुला निर्गुडीचे झाड ओळखता येते का?" त्याने मान हलविली. त्याला ते झाड ठाऊक नव्हते.

आजी हसल्या आणि म्हणाल्या, "विहाराच्या मागच्या ओढ्यावरच तर आहे. चल, दाखवते."

महावग्गात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेच्या आचार्यांनी त्याला सांगितले की नगराभोवती योजनभर फिर आणि जी वनस्पती औषधी नाही ती घेऊन ये. जीवक रिकाम्या हातांनी परतला, तेव्हा त्याचे शिक्षण पूर्ण झाले. त्याची परीक्षा पोथीवर झाली नव्हती. ओढ्याकाठी उभे राहून प्रत्येक झाड ओळखता येते की नाही, यावर झाली होती. आपल्या मुलांनी विद्यापीठाच्या पदव्या अवश्य घ्याव्यात. त्याबरोबर आजीचा हात धरून एकदा ओढ्यापर्यंतही जावे. तिला जे ठाऊक आहे ते तपासून घ्यावे, खरे ठरेल ते ठेवावे आणि खोटे ठरेल ते निःसंकोच टाकून द्यावे. परंतु न तपासता टाकलेले ज्ञान आजीबरोबरच जाते, आणि ते परत आणण्याचा मार्ग कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही.